विभक्त पालकांचे मूल : न्यायालयाच्या निकालापलीकडे

कोल्हापुरात १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची कित्येक दशकांची मागणी त्यामुळे पूर्ण झाली. या घटनेचे सर्व थरांतून स्वागत झाले ते योग्यच होय. जमिनीचे दावे, नोकरीतील वाद, फौजदारी अपिले यांतील पक्षकारांची किती सोय होईल याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. एका पक्षाचा उल्लेख मात्र फारसा झाला नाही. तो पक्ष म्हणजे आईवडील विभक्त झालेले मूल.

पतिपत्नींच्या वादात कौटुंबिक न्यायालयाने दिलेल्या निकालावरील अपील, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, उच्च न्यायालयात करावे लागते. त्यामुळे मुलाच्या ताब्याचा वाद वरच्या पायरीवर गेला की कोल्हापूरच्या आईला किंवा बापाला मुंबई गाठावी लागत असे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी न्यायालय, दुपारी ‘पुढची तारीख’ आणि पुन्हा रात्रीचा परतीचा प्रवास. मूल तेवढे दिवस आजीपाशी, नाहीतर शेजाऱ्यांकडे. हा प्रवास आता वाचला आहे आणि ही सोय लहान नाही. परंतु आईवडील या दोन माणसांमधले जे अंतर मुलाला रोज तोडावे लागते, ते कोणत्याही न्यायालयाला कमी करता येत नाही. त्या अंतराविषयी ख्रिस्ती समाज म्हणून आपण काय करणार आहोत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘ताबा’ या शब्दाची मर्यादा

आपल्या भाषेत शेताचा ताबा असतो, गाळ्याचा ताबा असतो, फ्लॅटचा ताबा असतो आणि मुलाचाही ताबा असतो. शब्द एकच आहे. सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागले याने जमिनीला काही फरक पडत नाही. तिला रात्री कोणाची आठवण येत नाही. मुलाला येते. तरीही वादात उतरलेले आईवडील कळत-नकळत मुलाकडे मालमत्तेच्या नजरेने पाहू लागतात. ‘माझे मूल मला मिळाले पाहिजे’ असे दोघेही म्हणतात. मुलाला काय मिळाले पाहिजे, हा प्रश्न तसाच राहतो.

ही नजर बदलण्याचा प्रयत्न न्यायालयांनी बऱ्याच पूर्वीपासून केला आहे. मद्रासमधील एका ख्रिस्ती दांपत्याच्या तीन मुलांविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘रोझी जेकब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९७३ साली न्यायालयाने स्पष्ट केले की मुले ही आईवडिलांची मालमत्ताही नाहीत आणि खेळणीही नाहीत. मुलांच्या आयुष्यावरील आईबापांचा निरंकुश हक्क मुलांच्या हितापुढे मागे सरला पाहिजे. ख्रिस्ती घरातील वादातून निघालेले हे तत्त्व आज देशभरच्या सर्वधर्मीय मुलांच्या खटल्यांत आधार म्हणून घेतले जाते, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कायदा कोठवर आला आहे

ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होतो. २००१ च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद आली. मुलांच्या ताब्याविषयी व शिक्षणाविषयी आदेश देण्याचा अधिकार याच कायद्याच्या ४१ ते ४४ या कलमांनी न्यायालयास दिला आहे. शिवाय १८९० चा पालक व पाल्य कायदा आहेच. त्याच्या १७ व्या कलमानुसार पाल्याचे हित पाहावयाचे असते. आणि मूल स्वतःचे मत बनविण्याइतके समजूतदार असेल तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते.

आपल्या शेजारच्या गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली आईच्या बाजूने निर्णय दिला. मूल पाच वर्षांहून लहान होते. पणजीच्या दिवाणी न्यायालयाने आईला दिलेला अंतरिम ताबा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने वडिलांकडे दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आईकडे सोपविला. इतक्या कोवळ्या वयात मुलाचे सामान्यतः आईपाशी राहणे हिताचे, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातील तत्त्व त्यामागे होते. निर्णय योग्यच होता. परंतु तीन न्यायालयांच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत त्या वयाच्या मुलाच्या आयुष्याचा केवढा हिस्सा निघून जातो, याचाही विचार व्हावा.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आई व वडील या दोघांचेही प्रेम व सहवास मिळणे हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या पालकाकडे मूल राहत नाही, त्याच्याशी त्याची भेट व्हावी आणि भेट शक्य नसेल तेव्हा फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून संपर्क राहावा, असेही सांगितले. येथे हक्काचा धनी बदलला. पूर्वी ‘बापाला भेटीचा हक्क’ असे म्हटले जाई. आता बाप भेटावा हा मुलाचा हक्क ठरला.

सर्वांत बोलका निर्णय जुलै २०२५ मधील आहे. केरळमधील एका मुलाचा ताबा वडिलांना देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली कायम केला होता. आईपासून दूर जाण्याच्या कल्पनेने त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची मानसिक स्थिती ढासळली, हे वैद्यकीय अहवालांवरून समोर आले. तेव्हा न्यायालयाने पुनर्विचार अर्जावर आपलाच निर्णय बदलला आणि मूल आईकडे ठेवून वडिलांच्या भेटींची व्यवस्था केली. देशातील सर्वोच्च न्यायासन एका मुलाच्या भयापुढे आपला निर्णय बदलू शकते, तर आईबापांनी आपला हट्ट बदलण्यास कोणती अडचण असावी?

१९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. विभक्त आईवडिलांपैकी दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा मुलाचा हक्क त्याच्या नवव्या कलमात आहे. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची कल्पना मांडली आणि पालकत्वविषयक कायद्यांत सुधारणा सुचविल्या. थोडक्यात, दिशा ठरलेली आहे. कायद्याची गती मात्र मूल वाढण्याच्या गतीपेक्षा फार मंद आहे.

ज्यांची कोठेच नोंद नाही

आतापर्यंत आपण न्यायालयात पोहोचलेल्या घरांविषयी बोललो. परंतु २०११ च्या जनगणनेतील एक आकडा विचार करावयास लावतो. देशात घटस्फोटित म्हणून नोंद झालेल्या व्यक्ती सुमारे १३.६ लाख होत्या. विभक्त म्हणून नोंद झालेल्या मात्र सुमारे ३५ लाख होत्या. म्हणजे घटस्फोट न घेता वेगळे राहणाऱ्यांची संख्या अडीच पटींहून अधिक होती.

कॅथोलिक कुटुंबांत हे चित्र अधिकच ओळखीचे वाटेल. विवाह हा संस्कार आहे, तो मोडत नाही, ही आपली श्रद्धा आहे. म्हणून पुष्कळ घरे न्यायालयात जात नाहीत आणि नांदतही नाहीत. आजरा, गडहिंग्लज, चंदगडपासून सावंतवाडी, मालवणपर्यंत आपल्या लोकांची घरे मुंबई, गोवा, आखाती देश आणि बोटीवरच्या नोकऱ्यांवर चालत आली आहेत. आधी नोकरीमुळे दोन ठिकाणी राहणे होते. मग येणे कमी होते, पैसे येणे थांबते, फोन थांबतो. विभक्त झाल्याचा दिवस कोणालाच सांगता येत नाही. अशा घरातील मुलाला कोणतेही न्यायालय भेटीचे दिवस ठरवून देत नाही. त्याला समुपदेशक मिळत नाही, पोटगी मिळत नाही. ‘पप्पा कधी येणार?’ या प्रश्नाला ‘येतील’ एवढेच उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहते. उच्च न्यायालय जवळ आल्याने या मुलाच्या जीवनात काही बदल होणार नाही. त्याच्यापर्यंत पोहोचू शकणारी सर्वांत जवळची संस्था त्याचा धर्मग्राम आहे.

मुलावर पडणारे ओझे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुडिथ वॉलरस्टाइन व जोन केली या दोन अभ्यासक स्त्रियांनी घटस्फोट झालेल्या ६० कुटुंबांतील १३१ मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला व १९८० साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. लहान मुले घर मोडण्याचा दोष स्वतःकडे घेतात. आईवडील पुन्हा एकत्र येतील ही आशा दीर्घकाळ सोडत नाहीत. नऊ ते बारा या वयातील मुले पुष्कळदा रागाने एका पालकाची बाजू धरतात, असे त्यांना आढळले. आपले समाजजीवन वेगळे आहे. आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, काका, आत्या असतात. त्यांचा आधार मोठा असतो. पण तेच कधी कधी दुसऱ्या पालकाविषयी मुलाच्या कानात विष ओतणारेही ठरतात.

धर्मग्रामांत काम करताना आम्हांस जे दिसते ते असे. दोन घरांत वाढणारे मूल लवकर मुत्सद्दी होते. आईच्या घरी वडिलांचे नाव काढावयाचे नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वडिलांनी घेतलेला नवा शर्ट ते दप्तरात तळाशी ठेवते. बापाकडे मजा आली हे सांगितले तर आई दुखावेल, नाही सांगितले तर खोटे बोलल्यासारखे होईल, या पेचात ते गप्प राहते, आणि मोठ्यांना वाटते की मूल फार शहाणे आहे. ‘पैसे कधी पाठवणार ते विचार’, ‘तिकडे कोण कोण येते ते सांग’ असे निरोप त्याच्यामार्फत जातात-येतात. मूल टपालवाला होते, हेर होते, शेवटी साक्षीदारही होते. आईवडिलांनी केलेल्या एकमेकांच्या निंदेतून त्याला एवढेच कळते की आपण अर्धे वाईट आहोत. कारण त्याचा अर्धा भाग त्या दुसऱ्याकडून आलेला असतो.

विभक्त होणे हे प्रत्येक वेळी चूकच असते, असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात मारहाण आहे, दारूपायी रोज रात्री भांडी फुटतात, तेथे वेगळे होणे मुलाच्या रक्षणासाठी आवश्यक ठरू शकते. अशा वेळी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली आईला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि मुलास इजा होण्याचा संभव असल्यास दंडाधिकारी भेटीही नाकारू शकतात. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. ‘सहन कर’ एवढाच सल्ला छळ सोसणाऱ्या स्त्रीला देऊन परत पाठविणे हे ख्रिस्ती कर्तव्य नव्हे.

ख्रिस्तसभा काय सांगते

या विषयी आपल्या भाविकांत काही गैरसमज आहेत. ते दूर होणे मुलांच्याच दृष्टीने आवश्यक आहे.

पहिला गैरसमज असा की ख्रिस्तसभेला विभक्त राहणे मान्यच नाही. कॅनन कायद्याच्या ११५१ ते ११५५ या कलमांत विवाहबंधन कायम असताना पतिपत्नींनी वेगळे राहण्याविषयीच्या तरतुदी आहेत. जोडीदाराकडून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असेल, तर कलम ११५३ नुसार वेगळे होण्यास उचित कारण ठरते. त्याच्या लगेच पुढच्या कलमात, विभक्त झाल्यावरही मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची योग्य व्यवस्था झालीच पाहिजे, असे बंधन घातले आहे.

दुसरा गैरसमज अधिक दुखावणारा आहे. धर्मप्रांतीय न्यायाधिकरणाने विवाह मुळातच अवैध होता असे घोषित केले, तर मुले अनौरस ठरतात, अशी कुजबूज आपल्या समाजात ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. वैध किंवा वैध समजून झालेल्या विवाहातून जन्मलेली मुले औरसच होत, असे कलम ११३७ सांगते; पुढील घोषणेने त्यात काही बदल होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली या प्रक्रियेत सुधारणा करून दोन न्यायाधिकरणांच्या सारख्या निकालांची अट काढली, त्यामुळे विलंब कमी झाला. मात्र नागरी कायद्यापुढे या निकालास स्थान नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली व पुन्हा २०१७ साली तसे स्पष्ट केले आहे. त्यामुळे पुष्कळ कॅथोलिक कुटुंबांना दोन ठिकाणी दाद मागावी लागते आणि मुलाला घरात तेच भांडण दोनदा ऐकावे लागते.

तिसरी गोष्ट शिकवणीची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमोरिस लेटिशिया’ या प्रबोधनपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी विभक्त पालकांना कळकळीने विनविले आहे की मुलाला कधीही ओलीस ठेवू नका. वेगळे होण्याची कारणे काहीही असोत, त्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर येता कामा नये आणि त्याने आईच्या तोंडून बापाविषयी, बापाच्या तोंडून आईविषयी चांगलेच ऐकावे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

पवित्र शास्त्रातही असे एक मूल आहे. हागार व तिचा मुलगा इश्माएल यांना अब्राहामाच्या घरातून जावे लागले. रानात पाणी संपले तेव्हा हागार मुलापासून दूर जाऊन रडत बसली. उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात सांगितले आहे की देवाने त्या मुलाचा आवाज ऐकला. रडत होती आई. देवाने ऐकले मुलाचे. इश्माएल या नावाचा अर्थही ‘देव ऐकतो’ असाच आहे. पुढे अब्राहाम मरण पावला तेव्हा इसहाक व इश्माएल या दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली, असे २५ व्या अध्यायात वाचावयास मिळते. घराबाहेर गेलेल्या मुलानेही बापाशी असलेले नाते टाकले नव्हते.

मराठी ख्रिस्ती घरातील एक उदाहरण

मराठी ख्रिस्ती समाजाच्या आठवणीत असे एक घर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा धर्म बदलला नाही. त्यांच्यावर मोठा आघात झाला व त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने ख्रिस्ती झाल्या. वडील एका धर्मात व आई दुसऱ्या धर्मात, अशा ताणात बालपणाची काही वर्षे काढलेला तो मुलगा म्हणजे देवदत्त टिळक. वडिलांचे चरित्र लिहावे या हेतूने त्यांनीच पुढे आईला आठवणी लिहावयास लावले आणि त्यातून १९३४ पासून प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ साकार झाली. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. त्यांचे घर पुन्हा जुळले, तसे प्रत्येक घर जुळेलच असे नाही. परंतु आईने मुलासमोर बापाला शत्रू केले नाही, तर ते मूल मोठेपणी दोघांनाही आपले म्हणू शकते, एवढे या उदाहरणावरून निश्चित दिसते.

धर्मग्रामाने काय करावे

सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतापासून वेगळा होऊन २००५ साली स्थापन झाला. आपले धर्मग्राम लहान आहेत व माणसे एकमेकांना ओळखतात. या ओळखीचा उपयोग चर्चेसाठी होतो, तसा आधारासाठीही होऊ शकतो. आम्ही चार गोष्टी सुचवू इच्छितो.

१. भेटीसाठी बहुधा शनिवार-रविवार ठरतात, आणि धर्मशिक्षणाचा वर्गही रविवारीच असतो. एक आड एक रविवारी वर्ग चुकला म्हणून मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या किंवा दृढीकरणाच्या यादीतून वगळू नये. दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्याला शिकविणे, किंवा दुसरा पालक ज्या धर्मग्रामात राहतो तेथील वर्गाची हजेरी धरणे, हे दोन धर्मगुरूंच्या एका फोनने होण्यासारखे आहे.

२. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी दोन्ही पालकांना आमंत्रण जावे. मुलाला कोणाशेजारी बसावे असा पेच पडू नये म्हणून सर्व मुलांना एकत्र बसविण्याची व्यवस्था बरी. अर्जावर व प्रमाणपत्रावर दोघांची नावे असावीत. एक पालक परधर्मीय असल्यास, आपल्या प्रार्थना त्याच्याविरुद्धचे हत्यार होणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

३. नाताळ व मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी वाटलेली असते. नाताळच्या रात्रीच्या मिस्साला जे मूल आपल्या धर्मग्रामात नसेल, त्याच्यासाठी गोठा निदान तीन राजांच्या सणापर्यंत ठेवावा आणि परतल्यावर त्याला तेथे आवर्जून न्यावे. नाटकात, गायनात त्याची जागा भरून टाकू नये.

४. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी, लहान ख्रिस्ती समूह व धर्मभगिनी यांनी न्यायालयात न गेलेल्या घरांकडे लक्ष द्यावे. त्या मुलाची शाळेची फी, आईला मोफत विधी साहाय्य आणि बापाशी बोलू शकेल असा एखादा मध्यस्थ, एवढे जरी झाले तरी पुष्कळ होईल. भेटीसाठी तटस्थ जागा लागत असेल, तर चर्चचे आवार वा सभागृह उपलब्ध करून द्यावे.

आईवडिलांना आमचे सांगणे थोडके आहे. एकमेकांना क्षमा करणे आज जमत नसेल, तर त्यासाठी प्रार्थना करा. पण मुलासमोर गप्प राहणे आजपासून जमू शकते. निरोप स्वतः द्या. भेटीची वेळ पाळा. बसस्थानकावर वाट पाहणाऱ्या मुलाच्या मनात तो एक तास वर्षानुवर्षे राहतो. ‘तुला कोण जास्त आवडते?’ हा प्रश्न त्याला कोणीही, आजीनेही, विचारू नये.

नाताळनंतरच्या रविवारी आपण बहुधा पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतो. त्या दिवशी प्रवचनांतून योसेफ, मरिया व बाळ येशू यांचे एकत्र सुखी घर रंगविले जाते, आणि बाकावर बसलेली काही मुले खाली मान घालून ऐकतात. त्याच कुटुंबाला रातोरात मिसर देशात पळावे लागले होते आणि ते परक्यांच्या आसऱ्याने राहिले होते, हेही शुभवर्तमानातच आहे. प्रवचन करणाऱ्या आमच्या बंधू धर्मगुरूंनी या वर्षी त्या मुलांकडे पाहून तेवढे अवश्य सांगावे.